बिनकाजळीचा तवा

१

मासेमारीच्या छावणीत पाहुण्याला मासा मिळाला नाही तर तो हसून सोडून देतो. पण दुपारच्या पेटीत मीठ नसलं तर पुढची दहा वर्षं गावभर सांगत सुटतो. एकतीस वर्षं छावणी चालवून हेल्मीला हे पक्कं ठाऊक झालं होतं, म्हणून पेट्या ती दुसऱ्या कुणाला भरू देत नसे.

रोज सकाळी साडेपाचला स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर लाकडी पेट्या ओळीनं मांडायच्या. प्रत्येक होडीची एक. तळाशी बिडाचा खोलगट तवा, त्यात चरबीचा डबा, वर बटाटे, कांदे, मीठ-मिरी मिसळलेलं पीठ, कॉफी, काड्यापेटी, आणि होडीत जितकी माणसं तितक्या पत्र्याच्या ताटल्या. मासा पेटीत नसायचा, तो सकाळभरात तळ्यानं द्यायचा. बारा वाजले की वाटाडे होड्या एखाद्या खडकाला लावत, चूल पेटवत आणि नुकताच धरलेला पिकरेल मासा तिथंच तळून पाहुण्यांना वाढत. पाहुणे एवढ्या लांब उत्तरेत येत ते खरं तर या जेवणासाठी. मोठा मासा हे घरी बायकोला सांगायचं निमित्त.

सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी पाच होड्या जायच्या होत्या आणि हेल्मीनं सहा पेट्या भरल्या.

हे तिच्या लक्षात आलं सात वाजता, पाचही इंजिनांचे आवाज बेटामागे विरल्यावर. भांडी आवरताना तिनं वर पाहिलं, तर फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक चौकोनी जागा धुळीत कोरी दिसत होती. तिथं आर्वोची पेटी असायची.

आर्वो तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी अशाच सप्टेंबरात तो एकटा होडी घेऊन गेला. होडी सापडली, चालू इंजिनासकट गोल गोल फिरताना. आर्वो सापडला नाही. इतक्या गार, खोल पाण्यातला माणूस वर येत नाही, असं पोलिसानं सांगितलं तेव्हा हेल्मी त्याच पोलिसासाठी कॉफी ओतत होती, आणि तिनं ओतणं थांबवलं नव्हतं.

सकाळी खुर्चीवर चढून, पेटी उतरवून, ती भरून धक्क्यावरच्या बाकावर ठेवून येईपर्यंत तिला काही कळलंच नव्हतं. आर्वो गेल्याचं तिच्या हातांना कुणी सांगितलंच नसावं. ती एप्रनला हात पुसत धक्क्यावर गेली. बाक रिकामा होता. कुणाच्यातरी होडीत दोन पेट्या गेल्या असतील, तिनं मनाशी म्हटलं. जेवतील बिचारे पोटभर.

२

संध्याकाळी पाचला मागच्या ओसरीवर सहा पेट्या ओळीनं होत्या. पायरीवर अँब्रोज कॉफी पीत बसला होता. तळ्यापलीकडच्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीतला हा म्हातारा छावणीचा सगळ्यात जुना वाटाड्या. मासा कुठं आहे हे त्याला कळायचं, आणि कुणाला कुठं टोचायचं हेही.

"आज दोनदा कोण जेवलं रे?" हेल्मीनं विचारलं.

"मी तर रोजच दोनदा जेवतो. एकदा भुकेनं आणि एकदा पाहुण्यानं मासा सोडला त्या दुःखानं."

"चेष्टा पुरे. सहावी पेटी कुणी नेली?"

अँब्रोजनं ओळीकडे पाहिलं. शेवटच्या पेटीवर आर्वोनं चाकूनं कोरलेलं नाव त्यानं वाचलं असावं, कारण त्याचा कप खाली आला.

"मी नाही," तो म्हणाला. "बाकीच्यांना विचार."

बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. चौघंही चाळिशीचे बाप्ये, त्यांना असल्या थट्टेची हौसही नव्हती आणि हिंमतही.

हेल्मीनं पेटी आत नेऊन उघडली. बटाटे नव्हते, कांदे नव्हते. चरबी निम्म्यावर आली होती आणि तिच्यात चार बोटांच्या चार चऱ्या होत्या. तवा मात्र वाळूनं घासून लख्ख केलेला. कुणीतरी खाल्लं आणि भांडं घासून ठेवलं, यात घाबरण्यासारखं काय आहे? तिनं सवयीनं तवा उलटा केला.

खालची बाजू चकाकत होती. वाटाडे तवा आतून घासतात. बाहेरची काजळी कुणी काढत नाही, ती वर्षानुवर्षं चढत जाते. आर्वोच्या तव्याची तेवढी हेल्मीनंच काढली होती. तो गेल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं तो बाहेरूनही घासला होता, रोज थोडा, लोखंड दिसेपर्यंत. एकदा जरी विस्तवावर बसला असता तरी काळा झाला असता. म्हणजे ज्यानं कुणी बटाटे खाल्ले होते त्यानं ते कच्चे खाल्ले होते.

काड्यापेटी भिजून लगदा झाली होती.

३

पेटीच्या कोपऱ्यात मेणकागदाची एक पुडी होती. ती तिनं शेवटी उघडली. पुडीत काय असणार हे घडीवरूनच तिला कळलं होतं.

पिकरेलचे दोन तुकडे, स्वच्छ, काट्याविना. सगळ्या पाहुण्यांना ताजा मासा मिळतो आणि पेटी भरणारीला मात्र उरलंसुरलं उभ्या उभ्या गिळावं लागतं, याचं आर्वोला वाईट वाटायचं. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून दोन तुकडे बाजूला काढून तो तिच्यासाठी आणायचा. घरी न्यायच्या तुकड्यावर कातडीचा थोडा भाग ठेवावाच लागतो, म्हणजे तपासनिसाला मासा ओळखता येतो. बाकीचे वाटाडे चौकोन ठेवत. आर्वो शेपटीच्या बाजूला चंद्रकोर ठेवायचा. "त्या तपासनिसाला तरी आयुष्यात दुसरं काय बघायला मिळतं?" म्हणायचा.

दोन्ही तुकड्यांवर चंद्रकोर होती.

हेल्मी काही भाबडी बाई नव्हती. तिनं विचार केला. अँब्रोजला ही कापायची पद्धत माहीत आहे. ही म्हाताऱ्याची सांत्वन करायची काहीतरी वेडगळ तऱ्हा असेल. हंगाम संपला की छावणी दुसऱ्याच्या ताब्यात जायची होती, शनिवारी तिची मुलगी सिर्क्का शेवटच्या विमानानं तिला न्यायला येणार होती. म्हणून त्यानं शेवटची आठवण दिली असेल. सगळं जुळत होतं. फक्त मासा असा गार होता की तुकडा धरलेली बोटं तिला थोड्या वेळानं दुखायला लागली.

दोन वर्षं तिनं या तळ्यातला मासा तोंडात घातला नव्हता. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं लोण्यात दोन्ही तुकडे परतले आणि ओट्याशी उभी राहून खाल्ले. खाताना तिला रडू कोसळलं. मासा फार चांगला होता.

४

मंगळवारी सहावी पेटी तिनं जाणूनबुजून भरली. काड्यापेट्या दोन, मेणकापडात गुंडाळून. मग खिडकीशी उभी राहिली. पाच वाटाड्यांनी पाच पेट्या उचलल्या. आर्वोची बाकावर राहिली. इंजिनं गेली, तळं शांत झालं, धक्क्याखाली पाणी डचमळत राहिलं. ओव्हनमध्ये पाव होता. तो काढायला ती वळली, कढत पत्रा खाली ठेवला आणि पुन्हा खिडकीशी आली. बाक रिकामा होता. कुठलं इंजिन वाजलं नव्हतं, वल्हंसुद्धा.

संध्याकाळी तेच. बटाटे गेलेले, तवा चकाकता, काड्या मेणकापडातसुद्धा भिजलेल्या. दोन तुकडे.

म्हणजे त्याला चूल पेटवता येत नाही, हेल्मीच्या मनात आलं. 'त्याला' असं आपण म्हटलं हे तिच्या ध्यानात आलं, पण तिनं ते दुरुस्त केलं नाही.

बुधवारी तिनं इथंच रांधलं. कांद्यावर तळलेले बटाटे, जाड सायीची माशाची आमटी, वेलदोड्याचा पाव. सगळं कढत कढत डब्यात घालून ओव्हनवर तापवलेल्या तीन चौकडीच्या टॉवेलांत गुंडाळलं. अशी पेटी तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर भरली नव्हती. दिवसभर ती कारण नसताना गुणगुणत होती आणि एकदा तर तिनं आरशात पाहून केस नीट केले.

चारच्या सुमाराला ओसरीवर पेटी ठेवल्याचा आवाज आला. वाटाडे यायला तास होता. हेल्मी कणीक मळत होती, तशीच थांबली. जाळीच्या दाराबाहेर पायऱ्या उतरल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. तिनं श्वास रोखून शंभरपर्यंत मोजलं, मग हात न धुताच दार उघडलं.

ओसरीवर कुणी नव्हतं. दाराला लागून फळ्या ओल्या होत्या, दोन पावलांएवढ्या जागेत, आणि तिथं बरंच पाणी साचून फटींतून खाली ठिबकत होतं. इतकं पाणी यायला माणूस तिथं बराच वेळ उभा राहायला हवा. दाराकडे तोंड करून.

पेटीत जेवण तसंच होतं, गोठलेलं. टॉवेल तेवढे नव्हते.

५

"उद्या भरू नकोस," अँब्रोज म्हणाला. फळ्या अजून वाळल्या नव्हत्या, त्यानं त्या पाहिल्या होत्या.

"तू मला सांगणार पेटी कुणाची भरायची ते?"

"तीस वर्षं तुझं ऐकतोय, मालकीणबाई. एकदा तू ऐकलंस तर तळं आटणार नाही."

"तो गारठलाय, अँब्रोज. त्याला जेवण नकोय. टॉवेल नेलेत त्यानं."

 अँब्रोज म्हणाला, "काल दुपारी बेटामागून येत होतो. आर्वो दुपारी चूल मांडायचा त्या खडकावर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं."

"आर्वो होता?"

"मी मान वळवून बघितलं नाही. पण एक सांगतो. तीस वर्षांत तो मला शिवी दिल्याशिवाय एकदाही माझ्या होडीसमोरून गेला नाही. काल मी पार जवळून गेलो, आणि तिकडून काही आलं नाही."

"तुला ऐकू कमी येतं."

"आर्वोच्या शिव्या मेलेल्यालाही ऐकू जायच्या," अँब्रोज म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यानं टोपी काढली.

गुरुवारी हेल्मीनं पेटी भरली नाही. रिकामी फळीवर ठेवली आणि दिवसभर स्वतःचाच तिरस्कार करत राहिली. दोन वर्षं तिनं देवाकडे एकच मागितलं होतं, आणि आता दारात आलेल्याला ती उपाशी ठेवत होती.

संध्याकाळी पाच पेट्या आल्या. तिनं सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या श्वासाबरोबर तिला असं काही पोरकं वाटलं की ती पायरीवरच बसली. मग आत जाऊन दिवा लावला. आर्वोची पेटी टेबलावर होती.

तिच्यात दोन ताटल्या होत्या. एक त्याची. दुसरी निळ्या काठाची, तिची स्वतःची. दुपारी जेवून तिनं ती धुवायच्या भांड्यात टाकली होती. दोन्ही वाळूनं घासलेल्या.

६

शुक्रवारी पाहुणे गेले, वाटाडे गेले. अँब्रोजला तिनं बळेच पाठवला. तो होडीत बसून इंजिनाची दोरी हातात धरून उगीचच पाच मिनिटं घोटाळला.

"सिर्क्का येईतो थांबतो ना."

"तुझी बायको मला शिव्या घालेल. जा."

"उद्या विमानात बसशील ना?"

"नाहीतर काय पोहत जाऊ?"

त्याला हसू आलं नाही. तो गेला.

शनिवारी अकरा वाजता सिर्क्का उतरली ती बडबडतच. बापासारखी लांब ढांगा टाकणारी, बापाचंच नाक, बापासारखीच चार कामं एकदम अर्धवट करणारी. थंडर बे शहरातल्या घरी तिनं आईसाठी खोली रंगवून घेतली होती. "पिवळी, आई. तुला आवडेल. आणि खिडकीतून पाणी दिसत नाही, मुद्दाम बघून घेतली." वैमानिक म्हणाला, ढग येतायत, साडेबाराला निघू.

"तुम्ही सामान चढवा," हेल्मी म्हणाली. "एक होडी तेवढी मागच्या खाडीत ओढून ठेवते."

"आत्ता? मी येते."

"तुला गाठ मारता येत नाही. तू बॅगा बघ."

होडीत तिनं पेटी आधीच ठेवली होती. कढत जेवण, तिचा स्वतःचा लोकरीचा कोट, आणि दोन ताटल्या. आपण फक्त कोट देऊन येणार आहोत, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. तिचा स्वतःवर फारसा विश्वास नव्हता.

७

बेटामागचा आर्वोचा सपाट खडक तिनं दोन वर्षं पाहिला नव्हता. लख्ख दुपार होती. भूर्जाची पिवळी पानं पाण्यावर पडून राहिली होती.

तो तिथं होता. खडकाच्या पलीकडच्या कडेला, पाठ करून, पाय पाण्यात सोडून बसलेला. खांद्यांवर तिचे तीन चौकडीचे टॉवेल एकावर एक, चिंब. मानेवरचे केस तिनंच कापले होते, तो गेला त्या आठवड्यात, उजवीकडे थोडे तिरके गेले होते. तसेच होते. तिरकेच. दोन वर्षांत कणभरही वाढले नव्हते.

"आर्वो," ती म्हणाली.

तो वळला नाही. हेल्मीला भीती वाटली, खूप वाटली. पण त्याहून जास्त तिला त्या मानेवर हात ठेवायचा होता. ती खडकावर उतरली, जेवण ताटलीत वाढलं आणि वाफ विरायच्या आत त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"जेव. गार होईल."

न वळता त्यानं एक हात मागे केला. पांढराफटक, सुरकुतलेला तळवा, उघडा. तिनं त्यावर ताटली ठेवली. हातानं ताटली आवाज न करता खडकावर बाजूला ठेवली आणि तो पुन्हा मागे आला. उघडाच.

तिनं त्याच्या खांद्यांवर कोट घातला. हात तसाच राहिला.

मग तिनं आपला हात त्यात दिला.

बोटं मिटली, अगदी हलकेच. एवढं गार काही तिनं आयुष्यात धरलं नव्हतं, आणि तरी तिला वाटलं, पुरे, आता काही नको. तो न वळताच पाण्यात उतरला, पण तिला ओढत नव्हता. होडीत चढणाऱ्या पाहुण्याला आधार द्यावा तसा फक्त धरून पुढे नेत होता, आणि ती जात होती. पाणी बुटांत शिरलं, मग गुडघ्याला लागलं. तिला ते जाणवलं, पण थांबावंसं वाटलं नाही.

बेटापलीकडे विमानाचं इंजिन सुरू झालं.

"सिर्क्का आलीये," हेल्मी म्हणाली. काही अडवायचं म्हणून नाही. नवऱ्याला पोरीची खबर द्यावी, तेवढ्यासाठी. "मला न्यायला आलीये, आर्वो. किती तुझ्यासारखी दिसायला लागलीये."

हात थांबला. तो विचार करत असावा. मग आर्वोच्या आवाजात, त्या जाड, किंचित घोगऱ्या आवाजात, जो ऐकायला तिनं दोन वर्षं कान टवकारले होते, तो म्हणाला,

"कोण सिर्क्का?"

तिनं हात काढून घेतला. तो सहज सुटला. ती मागे न बघता होडीकडे धावली, आणि पाठीमागून कुणी आलं नाही, फक्त तो आवाज पुन्हा पुन्हा, त्याच मायेनं, विचारत राहिला.

धक्क्यावर सिर्क्कानं तिला खूप बोलून घेतलं. या वयात पाण्यात उतरायची काय गरज होती, कोट कुठंय, बूट बघ. विमानात तिनं आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळायला सुरुवात केली. "बर्फ झालेत नुसते. हा उजवा तर बघ." ती चोळत राहिली, तोंडानं फुंकर घालत राहिली.

हेल्मी लेकीच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत होती. हिचं नाव निघालं म्हणूनच मी परत आले, हे हिला सांगता आलं असतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. तो "हो का, कशी आहे ती?" एवढंच म्हणाला असता, तर हिची आई आत्ता इथं नसती. आणि खाली तळं लहान होत जाताना, जीव वाचल्याबद्दल देवाचे आभार मानायचे सोडून, ती त्या माणसावर मनातल्या मनात चिडली होती. खोटं तरी बोलायचं होतं त्यानं.